वयावर ठेवलेला अंगठा

"वय कागदावर असतं, स्लाईडवर नसतं," मामा एकदा म्हणाले होते.

प्रयोगशाळेत सगळेच त्यांना मामा म्हणत. शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, श्वासाने उडतील इतके पातळ काप काढायचे, रंगवून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हेच काम तीस वर्षं. घरी कांदा चिरायला बसले की बायको म्हणायची, "अहो, भाजी करायचीय, तपासायचा नाहीये." माणूस काचेवर आला की त्याचं नाव, धंदा, मिशा सगळं गळून पडतं. उरतं ते जांभळं-गुलाबी.

यातली निम्मी वर्षं मुलांच्या रुग्णालयात गेली. तिथे एका बापाला त्यांनी जिन्यातच सांगून टाकलं होतं, "काळजी नको." मग रिपोर्ट आला. तेव्हापासून दाराबाहेर मामा मुके.

ही स्लाईड एका रंगाऱ्याची. शिडीवर तोल जाऊ लागला म्हणून तपासलं, तर लहान मेंदूत गाठ. ती काढली. वय सत्तेचाळीस. रक्तवाहिन्यांचे दाट झुपके पाहून डॉक्टरीणबाई लिहू लागल्या: अतिघातक. म्हणजे वर्ष, फार तर दीड.

मामांनी अर्जावरच्या वयावर अंगठा ठेवला. "मॅडम, हा आठ वर्षांचा असता तर काय लिहिलं असतं?"

"आठ वर्षांचा नाहीये ना तो. आणि हे झुपके?"

"मुलांच्या साध्या गाठीतही असतात. पुष्कळ बघितलेत."

"आता निदानही तुम्हीच करा, मामा. मी काप काढते."

"काढा की. बोटं सांभाळा."

त्या हसल्या, पण पेन खाली ठेवलं.

मामांनी ठोकळा पुन्हा यंत्राला लावला आणि आणखी खोल कापला. नव्या कापांत जाड, पिळदार, गुलाबी तंतू दिसले. सावकाश वाढणाऱ्या गाठीची ही खूण. अशी गाठ बहुतेक मुलांनाच होते. आठवड्याने जनुकांच्या तपासणीतूनही तेच आलं. पूर्ण निघाली असेल, तर रंगारी जगणार होता.

"वय वाचूनच मी ठरवून टाकलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याची बायको बाहेर बसलीय. सही करते आणि बोलावते."

मामांनी कोट खुंटीला लावला. बाहेर बाकावर ती नवऱ्याची रंगाचे डाग पडलेली टोपी मांडीवर घेऊन बसली होती. मामांना पाहताच उठली, टोपी खाली पडली.

"काका, चांगलं आहे ना हो?"

मामांनी टोपी उचलली, झटकली, तिच्या हातात दिली आणि एक शब्दही न बोलता जिना उतरून गेले.