उलटं फिरवून पाहा

“भाऊ, उलटं फिरवून पाहा बरं,” असं माझा सोबती दिवसातून चाळीस वेळा तरी म्हणायचा. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात, रसायनशास्त्र विभागात, हाताने दांडा फिरवायचं एक गणकयंत्र होतं. पुढे फिरवलं की गुणाकार, मागे फिरवलं की भागाकार. कुठलंही उत्तर आलं की तो दांडा मागे फिरवायला लावायचा आणि सगळी शून्यं दिसली की मगच तो आकडा वहीत उतरवायचा. “शून्य आलं? मंग लिवा.” माझा खांदा भरून यायचा, मी चिडायचो. मग तो स्वतः उठायचा आणि दांडा हातात घ्यायचा.

आम्ही दोघे तिथे डेमॉन्स्ट्रेटर होतो. साठ सालानंतरची ही गोष्ट. तो तिवशाजवळच्या खेड्यातला. छप्पन साली त्याच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मी चांदूर रेल्वेकडच्या शेतीवाल्या घरातला. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला ‘भाऊ’ आणि ‘तुमी’. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता आठवलं की स्वतःचीच चीड येते.

त्याचं काम ऐकून लोक हसायचे. डोळ्याच्या पडद्यात एक तांबूस प्रथिन असतं. उजेड लागला की ते पिवळं पडतं. त्यातले अणू जणू स्प्रिंगांनी जोडलेले असतात आणि कुठली स्प्रिंग कशी थरथरते ते अवरक्त किरणांनी कळतं. हे किरण डोळ्याला दिसत नाहीत, पण यंत्र त्यांचा आलेख काढतं आणि प्रत्येक थरथरीपाशी त्या आलेखात एक खाच पडते. यंत्राने काढण्याआधी तोच आलेख नुसत्या गणिताने काढायचा, हा याचा ध्यास. आज ते काम कॉम्प्युटर करतो. तेव्हा हा माणूस आणि तो दांडा करायचे. वर्ग सांभाळून, दीड वर्ष खपून त्याने दोन आलेख काढले. एक उजेड लागण्याआधीच्या प्रथिनाचा, दुसरा उजेड लागल्यानंतरचा.

“दुसरा काहून?” मी विचारलं. “आपल्याले तर पहिलाच पाहिजे ना?”

“उजेडाचं काय सांगता येते भाऊ? कुठूनबी शिरते.”

खाटकाकडून बकऱ्यांचे डोळे आणायचे, खोलीच्या खिडक्या बुजवायच्या आणि लाल दिव्यात ते प्रथिन काढायचं, हेही त्यानेच केलं. त्याचा पातळ थर एका काचेवर चढवून, काच पत्र्याच्या डब्यात ठेवून, डब्याला वरून काळा कागद गुंडाळला. आमच्याकडे अवरक्ताचं यंत्र नव्हतं, म्हणून डबा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जाणार होता. तिथला आलेख याच्या पहिल्या आलेखाशी जुळला तर आमचे विभागप्रमुख सर त्याची संशोधनासाठी शिफारस करणार होते. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला तो पहिलाच. ती शिफारस म्हणजे त्याचं पुढचं सगळं आयुष्य होतं.

डबा जायच्या दिवशी दुपारी तो वर्गावर होता. विभागात पाहुणे आले. सरांनी मला डबा व्हरांड्यात आणायला सांगितला आणि काळा कागद सोडून झाकण उघडलं. एप्रिलचं ऊन होतं. “बघा, आम्ही इथं डोळ्यातलं प्रथिन काढतो,” सर म्हणाले. पाहुण्यांचा चहा होईपर्यंत काचेवरचा तांबूस रंग माझ्यादेखत पिवळा झाला. सरांनी झाकण लावलं. “पाठवून द्या,” म्हणाले. काळा कागद मी माझ्या हातांनी पुन्हा गुंडाळला.

महिन्याभरात आलेख आला. त्याने तो आपल्या पहिल्या आलेखाशेजारी ठेवला. जुळेना. मग दुसऱ्याशेजारी ठेवला. खाचेला खाच बसली. तो माझ्याकडे वळला.

“भाऊ, हे तर उजेड लागलेलं आहे. डबा कोनं उघडला?”

मला तेव्हा नोकरीत कायम व्हायचं होतं आणि त्या कागदावर सरांची सही बाकी होती. मी म्हणालो, “मले नाही माहीत. मी त्या दिवशी इथं नव्हतो.”

सरांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं. “गणित चुकलं की डब्यावर ढकलायचं? तुमच्या लोकांना सवलती मिळतात, पण अचूकपणा काही सवलतीत मिळत नाही.” तुम्हीही अशी वाक्यं कुठल्या ना कुठल्या कचेरीत ऐकली असतील, आणि खाली माना घातलेले लोकही पाहिले असतील. त्यातली एक मान माझी. शिफारस गेली नाही.

सरांचा मला राग आहेच, तो कधी जायचा नाही. त्या पाहुण्यांचाही आहे, चहाच्या कपांचासुद्धा आहे. पण खरी आग होते ती पुढच्या गोष्टीने. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. डबा कोणी उघडला नसेल तर चूक आपल्या गणितात आहे, असं म्हणून त्याने मे महिनाभर, अमरावतीच्या त्या उन्हात, दिवसरात्र बसून पहिल्या आकड्यापासून सगळं पुन्हा करायला घेतलं. पेपर तपासायला मी कॉलेजात जायचो तेव्हा दांड्याची करकर ऐकू यायची. मी दुसऱ्या जिन्याने उतरून घरी यायचो.

जूनमध्ये त्याचं स्टूल रिकामं होतं. तो अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवायला गेला होता. पुढे कामानिमित्त मी तीन-चारदा अकोल्याला गेलो. एकदा त्याच्या शाळेच्या भिंतीपर्यंत पोचलो. खिडकीतून त्याचा आवाज आला, “उलटं करून पाहा बरं, शून्य येते काय?” मी तिथूनच स्टेशनला परतलो. काही वर्षांनी तो गेल्याचं कळलं, तेही तिसऱ्याच माणसाकडून.

कॉलेज सोडताना त्याने गणकयंत्राखाली माझ्या नावाची चिठ्ठी ठेवली होती. टोमणा मारणं त्याला येतच नव्हतं, हे लक्षात घेऊन ती वाचावी लागते. “भाऊ, सगळं पुन्हा केलं. उलटं फिरवून पाहिलं. शून्य आलं. तुम्ही त्या दिवशी तिथे नव्हता, म्हणून तुमच्यासाठी लिहून ठेवतो. डबा उघडला होता.”