मोठा मणी, पातळ साल

पिंपळगाव बसवंतला द्राक्षात चार वर्षं बरी गेली की माणसाला लाल रंगाचं काहीतरी घ्यावंसं वाटतं. कुणी ट्रॅक्टर घेतो, कुणी लेकीच्या लग्नात फेटा बांधून भागवतो. गोरक्षने दोन दारांची, दोनच सीटांची स्पोर्ट्‌स कार घेतली. मुंबईच्या एका गृहस्थांनी ती हौसेने घेतली होती आणि कंबर धरल्यावर तितक्याच हौसेने विकायला काढली होती. गोरक्षची कंबर अजून शाबूत होती, म्हणजे निदान त्याचा तसा समज होता.

गोरक्ष पन्नाशीला टेकलेला. पोट त्याच्या दोन पावलं पुढे चालतं आणि मन तीस वर्षं मागे. पण द्राक्षातला त्याचा हात असा, की घड नुसता उचलून तो कुठल्या देशाला जाणार ते सांगेल. त्याच्या खिशात कायम प्लॅस्टिकची एक पट्टी असते, गोल भोकांची. त्या भोकात मणी अडकला तर तो एक्स्पोर्टचा, निसटून खाली पडला तर लोकल. या पट्टीवर गोरक्षने पॅकहाऊस उभारलं, बहिणींची लग्नं लावली आणि हळूहळू सगळं जगच त्या भोकातून बघायला लागला. पुतणीसाठी स्थळ बघायला गेला, तेव्हाही मुलाच्या पगाराआधी त्याने मनगट बघितलं.

तर गाडी आली, पण घरी आली नाही. गोरक्षचं घर सायखेड्याच्या बाजूला मळ्यात. वाटेत पाण्याची चारी आडवी जाते. तिच्यावर पाइप टाकून मुरूम ओतलेला, त्यामुळे रस्त्याला तिथे चांगलीच पाठ आलेली. ट्रॅक्टर त्यावरून डुलत जातो. या गाडीचं पोट मात्र जमिनीपासून जेमतेम अर्धी वीत. त्यामुळे ती हायवेलगतच्या पॅकहाऊसमध्ये, क्रेटच्या थप्प्यांमध्ये मुक्कामाला असायची. राजाने हत्ती वेशीवर बांधून घरी चालत यावं, तसा गोरक्ष रोज संध्याकाळी तिला कव्हर घालून स्कूटरने घरी यायचा.

आणि घरात ललिता होती. त्याची बायको. बागेची विरळणी, मजुरांची जेवणं आणि गोरक्ष, हे तिन्ही तीच सांभाळते. तिचा एक नियम आहे. ट्रॅक्टर असो, फवारणीचा ब्लोअर असो की मिक्सर, वस्तू आधी दारात यायची, हळदकुंकू लावून घ्यायची, मग कामाला लागायची.

"दारात आली नाय तोवर ती परक्याची गाडी हाय," ती म्हणाली. "परक्याच्या गाडीत मी बसत नाय."

इथे गोरक्षची गोची झाली. कारण गाडी त्याने वेगासाठी घेतली नव्हती. लग्न झालं तेव्हा ललिता पिकअपमध्ये, द्राक्षाच्या रिकाम्या क्रेटवर बसून सासरी आली होती. तिला एकदा तरी राणीसारखं शेजारी बसवून हायवेने न्यायचं, एवढीच त्याची इच्छा होती. सध्या त्या सीटवर रोज जेवणाचा डबा बसायचा. गाडी टिंगटिंग करायची, म्हणून डब्याला पट्टाही बांधावा लागे.

गोरक्षने यावर उपाय काढला. चाक मोठं घातलं की गाडी उंच होणार, हे त्याच्या मते उघड होतं. तो नाशकात द्वारकेजवळच्या निसारभाईंच्या दुकानात गेला. भिंतीवर अलॉय व्हील अशी टांगलेली, जशी सराफाकडे नेकलेस. निसारभाई स्वतःही चकाकीचे भोक्ते. त्यांचे बूट, मिशी आणि दुकान, तिन्हींना एकच पॉलिश वापरत असावेत.

"सध्या अठरा इंची हाय," गोरक्ष म्हणाला. "मोठं काय?"

"एकोणीस आहे ना, गोरक्षभाऊ. पण रिम मोठं झालं की टायर पातळ घ्यावा लागतो. बाहेरून चाक तेवढंच राहतं, नाहीतर आतून घासेल."

"म्हणजे मणी मोठा, साल पातळ?"

"जी?"

"एक्स्पोर्ट क्वालिटी, निसारभाई. युरोप हाच माल मागतं. बसवा."

'बाहेरून चाक तेवढंच राहतं' हे वाक्य त्याच्या कानावरून हायवेच्या ट्रकसारखं निघून गेलं. निसारभाईंनी ते पुन्हा सांगितलं नाही. एवढ्या खुशीत असलेल्या गिऱ्हाइकाला दोनदा अडवणं त्यांच्या तब्येतीला मानवत नाही.

पॅकहाऊसवर जयराम सुपरवायझरने चाकांभोवती फेरी मारली. "शेठ, कंटेनरमध्ये भरावीशी वाटतात."

गोरक्ष तरंगतच मळ्याकडे निघाला. दारात ललिता ताट घेऊन उभी. दिवा, नारळ आणि चाकांखाली फोडायला चार लिंबं. गाडी चारीवर चढली आणि पोटावर बसली. गोरक्षने ॲक्सिलरेटर दाबला. पुढचं चाक पाइपाच्या कडेवर आदळलं, फुस्स आवाज आला, रिम वाकलं.

ललिताला लांबून नवरा चालत येताना दिसला. तिने दिवा शांत केला आणि लिंबांचं सरबत करून त्याला दिलं. "क्रॅक गेलं का?" एवढंच तिने विचारलं. अवकाळी पावसाने पातळ सालीचे मणी फुटतात, तेव्हा मळ्यात सगळे एकमेकांना हेच विचारतात.

चारीवरून ओढून काढलेली गाडी क्रेनने निसारभाईंकडे रवाना झाली. मागोमाग जायचं ठरलं, तेव्हा ललिता स्वतःच पिकअपमध्ये चढून बसली. "मी येते. दर वेळी चार लिंबं वाया घालवायला आपली बाग लिंबांची नाय."

निसारभाईंनी वाकलेलं रिम बघून हळहळ व्यक्त केली, ताईंना खुर्ची दिली आणि साधं राखाडी चाक पुढे ठेवलं. "सतरा इंची. टायर जाड. गाडी बोटभर उंच होईल, धक्का रबर खाईल. ब्रेकही आत बसतात, बघितलंय मी."

गोरक्षचा चेहरा उतरला. "सतरा? अहो, सतरा मिलिमीटरचा मणी मी एक्स्पोर्टच्या पेटीत धरत नाय. जयराम काय म्हणंल?"

ललिताने उठून टायर अंगठ्याने दाबून बघितला, घड दाबून बघावा तसा. मग नवऱ्याकडे वळली.

"अहो, एक्स्पोर्टचा माल तुम्ही घरी खायला कधी आणला?"

ते खरंच होतं. मोठे मणी पेटीत बसून बोटीने जातात. घरात येतात ते घडातून सुटलेले, बारके, पिवळे पडलेले मणी, आणि गोरक्ष तेच परातीतून वेचून मुठीने खातो, कारण साखर त्यांच्यात असते.

"मोठा मणी परदेशी पाठवायला," ललिता म्हणाली. "ही गाडी तिकडं पाठवायची हाय, का घरी न्यायची?"

गोरक्षने निसारभाईंकडे बघितलं. निसारभाई पंख्याकडे बघत होते. गोरक्षचा हात खिशातल्या पट्टीकडे गेला आणि रिकामाच बाहेर आला.

"सतरा बसवा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी चारीवर ललिता स्वतः जाऊन उभी राहिली. पदर खोचून, वाकून, गाडीच्या पोटाखाली नजर लावून. "तिरकी घ्या. अजून. जोर नका करू. येऊ द्या, येऊ द्या." गाडी चढली, थबकली आणि कुरकुर न करता पलीकडे उतरली. दारात पूजा झाली. चारही लिंबं चाकांखाली नीट फुटली. मग ललिता गाडीत बसायला गेली, आणि सीट अपेक्षेपेक्षा बरीच खाली निघाली.

"हे तर पाटावर बसल्यासारखं हाय," ती पाय लांब करत म्हणाली. "वाढा आता जेवायला."

पॅकहाऊससमोर जयराम धावत आला, चाकांकडे बघून घुटमळला. "शेठ, चाकं बारकी झाली का हो?"

गोरक्षने खुलासा करायला तोंड उघडलं, पण काचेतून ललिताच बोलली. "घरचा माल हाय, जयरामभाऊ. तुम्हाला नाय कळायचं." आणि नवऱ्याला म्हणाली, "थांबता कशाला? घ्या पुढं."

गोरक्षने गाडी हायवेला घेतली. चांदवडजवळ टपरी दिसली, तसा तो चहासाठी थांबला आणि धावत जाऊन तिच्या बाजूचं दार उघडून उभा राहिला.

"चहा इथंच आणा," ललिता जागची न हलता म्हणाली. "बसले बाई छान, पण उठायचं कसं ते मला अजून कळलं नाय."