जर्मन मळ्याची भिंत

आधीच सांगून टाकतो – आमच्या घरात देव्हारा नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाढ्यांच्या आधी पाठ झाल्या. कॉलेजात असताना अंगात येणाऱ्या एका बाईविरुद्ध मी स्वतः स्टेन्सिल कापून पत्रकं काढली होती आणि तिच्या भावांचा मारही खाल्ला होता. तुमच्या या सदरातले अनुभव वाचून तर मी मोठ्याने हसायचो. पांढरी साडी, पैंजण, बंद पडलेली गाडी... सगळ्यांच्या गाड्या नेमक्या त्याच वळणावर कशा बंद पडतात हो? तेव्हा खाली जे लिहितोय ते लिहिताना मला अजिबात आनंद होत नाहीये, एवढं समजून वाचा.

नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं आणि शहर मागे पडलं की उजव्या हाताला एक कच्ची वाट ओढ्याकडे उतरते. त्या उताराला आजूबाजूचे लोक 'जर्मन मळा' म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी चार-पाच जर्मन कुटुंबं इथे येऊन राहिली. एक पाद्री, एक सुतार, एक कौलं भाजणारा. त्यांनी विहीर बांधली, भट्टी घातली, शाळा काढली. दुष्काळात आईबापांनी सोडलेली पोरं आणि गावाने वेशीबाहेर ठेवलेली माणसं त्यांच्याभोवती वस्ती करून राहिली. माझे आजोबा रंधा मारायला इथेच शिकले. धर्म नाही बदलला त्यांनी. पण करवत कशी धरायची हे दाखवताना त्या जर्मन सुताराने त्यांचा हात हातात घेतला, हे ते मरेपर्यंत सांगायचे. गावात तेव्हा त्यांची सावली चालत नव्हती.

पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्या जर्मनांना शत्रू म्हणून उचलून नेलं. मळा हळूहळू ओस पडला. राहिलं काय – विहीर, भट्टीचं धुराडं, चर्चच्या दोन भिंती, आणि जर्मन अक्षरं कोरलेली अकरा थडगी.

एक्याऐंशी साली त्या उतारावरून नवा रस्ता काढायचं ठरलं आणि आमचं डोकं फिरलं. 'जर्मन मळा बचाव समिती' – नाव दांडगं, माणसं सहा! अध्यक्ष गायधनी सर, रिटायर झालेले ड्रॉइंगमास्तर. बाकीचे आम्ही पंचविशीतले. चिटणीस मी. पत्रकं अर्थातच मी लिहायचो. 'राजांचे किल्ले जपता, मग आमच्या आजोबांची शाळा का नाही?' हे माझं. 'ज्यांची नावं इतिहासाने गाळली, त्यांच्यासाठी!' हेही माझंच. सायक्लोस्टाइलच्या शाईने काळे झालेले हात घेऊन मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत होतो. अर्जात आम्ही ठळक लिहिलं – 'येथे अकरा थडगी आहेत.' कारण वाचता येत होती ती अकराच.

मे महिन्यात चार दिवस श्रमदान केलं. थडग्यांभोवतीची घाणेरीची झुडपं तोडली. मागच्या मोकळ्या जागेत ओबडधोबड दगड पडले होते – ओढ्यातले, चपटे, अर्धे मातीत रुतलेले. सर म्हणाले, "वा, कुंपणाला साहित्य आयतंच मिळालं!" आम्ही पहारीने ते उपटले, वाहून आणले आणि अकरा थडग्यांभोवती कमरेएवढी भिंत रचली. चुना-माती काही नाही, नुसते दगडावर दगड. पण सरांचा डोळा असा की एक दगड हलत नव्हता. मग मी फोटो काढले – पुढे भिंत, मागे साफ केलेली मोकळी जमीन. अर्जाला जोडले.

मळ्याला लागून दोनशे पावलांवर मार्थाआजीचं घर. पंचाहत्तरीच्या पुढची बाई, मळ्यातच जन्मलेली. जुन्या वस्तीतलं तेवढं एकच माणूस उरलेलं. एरवी आम्हाला पाणी तीच द्यायची. पण त्या आठवड्यात ती इगतपुरीला लेकीकडे गेली होती. आम्ही पाचव्या दिवशी भिंत पाहत कौतुकाने उभे होतो, तेव्हा ती पिशवी घेऊन थेट स्टँडवरून आली.

पिशवी खाली ठेवली आणि भिंतीच्या कडेकडेने चालायला लागली, एकेका दगडाला तळवा लावत. पूर्ण फेरी मारून माझ्यापाशी आली.

"पोरा, यातला माझा शमू कोन्चा?"

मला कळेना. म्हटलं, "कोण शमू, आजी?"

"माझा धाकला भाऊ. गोवरानं गेला. मी त्येच्या दगडापाशी बसून मोठी झाले." मग मागच्या मोकळ्या जमिनीकडे हात केला. "समदी आपली मानसं तिथं हायेत. सायबांच्या दगडावर नाव कोरायचे. आपल्या दगडावर नाय. आपलं नाव घरच्यांनी तोंडात ठेवायचं. ईस्टरला जायचं, दगडाला हात लावायचा, नाव घ्यायचं. आता मी एकलीच उरले, समद्यांची नावं मीच घेते."

सरांचा चेहरा उतरला. कोणीतरी पुटपुटलं, "आम्हाला काय माहीत..." ती फटकन म्हणाली, "इचारायचं व्हतं की! मी काय मेले व्हते?"

मी. चिटणीस. ज्यांची नावं गाळली त्यांच्यासाठी ओरडणारा! त्यांचे दगड उपटून मी साहेबांच्या थडग्यांना कुंपण घातलं होतं.

मी म्हणालो, आजी, आत्ताच्या आत्ता उतरवतो. पण सरांनी मला बाजूला घेतलं. "अरे आनंदा, सोमवारी पाहणीला रस्त्याचे साहेब येतायत. भिंत आहे म्हणजे आपण जागेची काळजी घेतो हा पुरावा. तेवढं होऊ दे. आणि कुठला दगड कुठे होता, सांगू शकतोस तू?" नव्हतो सांगू शकत. मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याला सरांचं नाव देऊन मला सुटता येणार नाही.

सोमवारी रस्त्याचं काम बघणारे साहेब आले. भिंत पाहून खूश झाले. "झकास! मग असं करू – भिंतीच्या आतलं तुमचं. मागचं रिकामं रस्त्याला." मी म्हणालो, मागे पण माणसं पुरलेली आहेत. त्यांनी आमचाच अर्ज उघडला, आमचाच फोटो दाखवला. "अकरा म्हणता ना तुम्ही? आणि हे काय, मोकळं मैदान!" गाडीत बसून गेले.

साहेब गेल्यावर सर आणि मीच उरलो. साडेबारा वाजून गेले असतील. ऊन असं की धुराड्याची सावलीसुद्धा बुंध्यापाशी गोळा झाली होती. मी माझी शबनम पिशवी भिंतीवर ठेवली, पत्रकांनी फुगलेली. आजीने दारातून हाक मारली, "या, घोटभर च्या घ्या. रागावले म्हनून काय पानी बी नाय पाजायचं?" आम्ही गेलो. रेडिओवर बातम्या लागल्या तेव्हा तिने कप हातात दिले. बातम्या संपल्या तेव्हा आम्ही उठलो. दहा मिनिटं. दार सताड उघडं. आवाज म्हणाल तर रेडिओचा आणि तिच्या कोंबड्यांचा.

परत आलो... भिंत नव्हती.

पडली नव्हती – नव्हती. पडलेल्या भिंतीचा ढीग होतो, इथे एक कपची नव्हती. माझी शबनम जिथे भिंत होती तिथे जमिनीवर सरळ बसलेली, आतलं एकही पत्रक बाहेर नाही. आणि मागच्या जमिनीत ते सगळे दगड रांगेने उभे. अर्धे रुतलेले. मी गुडघ्यावर बसून एका दगडाला हात घातला. तो हलेना. आम्ही उपटताना माती उकरली होती, खड्डे केले होते, ते कुठेच नव्हते. दगडाभोवतीची जमीन उन्हाने भेगाळलेली, घट्ट, वर्षानुवर्षं कोणी हात न लावल्यासारखी. एका दगडाच्या बुडाशी मुंग्यांचं वारूळसुद्धा होतं. सहा जणांना ते दगड आणायला आणि रचायला चार दिवस लागले होते!

आजी मागून आली. तिला आश्चर्य वाटल्याचं मला दिसलं नाही. ती पहिल्या रांगेच्या टोकाला गेली आणि एकेका दगडाला हात लावत नावं घेऊ लागली. "सावळाराम भट्टीवाला. त्येची बायको रूथ. पावलस. नाव न ठेवलेली पोर, रूथचीच..." कुठेही अडखळली नाही. दुसऱ्या रांगेत एका बुटक्या दगडापाशी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही. भरउन्हात माझ्या अंगावर काटा होता, आणि मला त्या काट्याचाच संताप आला.

आम्ही लगेच साहेबांकडे पळालो. दगड आहेत, या, पाहा! ते पुढच्या सोमवारी आले, पंचनाम्याला दोन पंच घेऊन. दगडांच्या रांगा पाहिल्या, फोटो पाहिला आणि हसले.

"मागल्या सोमवारी भिंत, या सोमवारी शेत! काय हो चिटणीस, दगडांना पाय फुटले की काय?"

पंच खिदळले. एक जण म्हणाला, "साहेब, जर्मन माल हे. ऑटोमॅटिक!"

"बरं, सरळ सांगा," साहेब म्हणाले. "हे दगड इथे कोणी मांडले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आजीने पाहिलं. मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं – माहीत नाही, साहेब, आम्ही चहाला गेलो होतो. एवढंच. पण डोळ्यांपुढे माझी सगळी पत्रकं आली. मार खाल्लेली ती संध्याकाळ आली. उद्या गावभर होणारं हसू आलं. मी म्हणालो, "आम्हीच. होते तिथे परत नेऊन ठेवले."

"होते तिथे म्हणजे? कुठे होते ते कुणाला ठाऊक होतं तुमच्यात?"

त्यांनी लिहून घेतलं – 'सदर दगड समितीच्या सदस्यांनी आणून मांडले आहेत.' पेन पुढे केलं. मी सही केली. रस्ता अडवायला रचलेला बनाव, असा त्याचा अर्थ झाला, आणि व्हायचाच होता.

साहेब गेल्यावर आजीने विचारलं, "काय लिवलं कागदात?"

मी सांगितलं.

"आपन मांडले?"

"आजी, दुसरं काय लिहिणार? हसले असते ते."

"मग हसू द्यायचं. हसल्यानं कोन मरत नाय." मग म्हणाली, "माझा शमू खोटा पाडलास की रं पोरा." आवाज चढला नव्हता. मला मारणाऱ्या त्या भावांचे हात याहून हलके होते.

पावसाळ्यानंतर काम सुरू झालं. ते दगड कंत्राटदाराने फोडून रस्त्याच्या सोलिंगला, म्हणजे तळाच्या थराला वापरले. दगड आयतेच होते, तो तरी कशाला सोडेल! अकरा थडग्यांना तारेचं कुंपण आलं, पत्र्याचा फलक आला. फलकावर आमच्या समितीचे आभार मानलेत. पुढच्या ईस्टरला आजी आली, रस्त्याच्या कडेला उभी राहिली. ट्रक जात होते. हात कुठे लावायचा ते तिला कळेना. तिने तिथूनच नावं घेतली, दर ट्रकला थांबत. वर्षभरात ती गेली. ती नावं मी लिहून घेतली नाहीत. वर दिलेली चार तेवढी ध्यानात आहेत.

सर अजून म्हणतात, आपल्याला उन्हाने ग्लानी आली असेल, आपण चहाला दहा मिनिटं नाही, जास्त वेळ बसलो असू. किती जास्त, सर? चार दिवस? कोणी मजूर लावून केलं म्हणावं तर जागा त्यांना कोणी दाखवल्या, आणि ती भेगाळलेली माती कोणी जुनी केली? मी सगळ्या बाजूंनी विचार केलाय. मला उत्तर सापडलेलं नाही. भूत म्हणायला माझी जीभ आजही वळत नाही आणि तुम्हीही माझ्या तोंडी तो शब्द घालू नका.

पण त्या पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे, हे कुठेतरी छापून यायला हवं. दगड आम्ही परत नेले नाहीत. आम्ही ते फक्त उपटले होते.