कूलरवर आलेला आळ

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर सिंधूताई गजभियेंनी नागपूरच्या टोकाला, मिहानजवळ फ्लॅट घेतला आणि भाड्याने दिला. बसल्या जागी उत्पन्न, असं भावाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या घराने त्यांना कधी निवांत बसूच दिलं नाही. कधी फ्लशची टाकी वाहायची, कधी पार्किंगवरून सोसायटीची कुरकुर. इकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, इंदोऱ्यातल्या आपल्या घरी त्यांनी वरणाला फोडणी द्यायला घ्यावी आणि फोन वाजावा. त्या ‘बघते’ म्हणायच्या आणि जायच्या मात्र नाहीत. भाडेकरू एजंटने आणले, करारही त्यानेच केला. घरात स्वतः पाय ठेवून त्यांना वर्ष उलटलं होतं.

भाडेकरू तसे चांगले होते. ऋषिकेश विमानदुरुस्तीच्या कामावर जायचा, त्याची बायको पायल घर लख्ख ठेवायची. पण मे महिन्यात खालच्या मजल्यावरच्या मारोतरावांचा फोन आला. त्यांच्या छतातून पाणी झिरपत होतं, जेवताना ताटात पोपडे पडत होते. वरच्यांनी खिडकीला भलामोठा कूलर टांगलाय, त्याचंच पाणी, असं ते ठामपणे म्हणाले.

सिंधूताई भर दुपारी मेट्रोने खापरीला उतरल्या, तिथून ऑटो केला. उन्हाने आणि संतापाने डोकं भणभणत होतं. दारातूनच कूलर दिसला, त्याच्याखालची ओली फरशीही दिसली. तेवढं त्यांना पुरलं.

“काकू, पाणी बाथरूमच्या भिंतीतून जाऊन राहिलं,” पायल म्हणाली. “मी तुम्हाले होळीपासून सांगून राहिली.”

“मले शिकवू नको वं. कूलर काढा, नाहीतर घर खाली करा.”

ऋषिकेशने त्याच संध्याकाळी कूलर उतरवला. नागपूरच्या मे महिन्यात ती दोघं पंख्याच्या गरम वाऱ्यात झोपली आणि महिनाअखेरीस सामान घेऊन निघून गेली.

झिरपणं थांबलं नाही. उलट छताचा डाग वाढला आणि मारोतराव सोसायटीत बोभाटा करू लागले. शेवटी प्लंबरने बाथरूमची टाइल फोडली. आतला पाइप सडून गेला होता. वेळीच बदलला असता तर एका दुपारचं काम होतं. आता अख्खी भिंत उकरावी लागली, खालचं छतही करून द्यावं लागलं.

पायल जवळच्याच दुसऱ्या इमारतीत राहायला गेली होती. सिंधूताई तिथे गेल्या. माझं चुकलं, दुरुस्ती झाली, परत या, असं त्यांनी सांगितलं. पायलने त्यांना बसवलं, पाणी दिलं.

“काकू, घर चांगलंच होतं,” ती म्हणाली. “पण फोन करू करू मी थकली.”

परतताना सिंधूताई भावावर चिडल्या, एजंटवर चिडल्या, मारोतरावांवर तर फारच चिडल्या. तरी राग उतरेना.

पुढचे भाडेकरू त्यांनी स्वतः पाहिले. पोलीस पडताळणीला स्वतः गेल्या. कोणती दुरुस्ती कोणी करायची ते करारात घालून घेतलं, किल्ली देण्याआधी त्यांच्यासमोर एकेक नळ सोडून दाखवला. तरी आठवडाभरात स्वयंपाकघरातलं सिंक तुंबलंच. आपल्या नशिबाला बोल लावत त्या सकाळीच प्लंबरला घेऊन पोहोचल्या, आणि काम होईपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहून त्याला घाई करत राहिल्या.