इंदिरानगरातली भिंत

सायखेड्याच्या उज्वला गाडे ड्रॉइंग टीचरचा कोर्स करायला निघाल्या, तेव्हा वडील म्हणाले होते, "चित्रांनी चूल पेटते होय?" पण नोकरी लागली ती चित्रांमुळेच, सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत.

तिथल्या मुली माणूस काढायच्या तो दोन त्रिकोणांचा. बाई लाल पेनाने खांदे, पोट, गुडघे दुरुस्त करायच्या. परीक्षेला तसंच लागे. रोशनी नावाच्या मुलीची वही तर लालेलाल झाली. तिने चित्र काढणंच सोडलं. अभ्यासाला लागली असेल, असं बाईंना वाटलं.

त्या उन्हाळ्यात रोशनीच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला बाई जीपने गेल्या. गेरूच्या भिंतीवर रोशनीची आई, सावित्रीबाई, तांदळाच्या पिठाने नाचणारी माणसं काढत होती. त्रिकोणांचीच, पण कशी वळलेली, कशी एकमेकांना धरलेली! बाई दारातच थबकल्या. शेजारी रोशनी उभी होती.

"तुझं बरोबर होतं गं," बाई म्हणाल्या. "चुकलं माझंच."

रोशनीने आईच्या हातातली काडी घेतली आणि कोपऱ्यात एक माणूस काढला.

निवृत्त झाल्यावर बाईंनी शहरात, इंदिरानगरातल्या आपल्या घराचा पुढचा हॉल रिकामा केला आणि गॅलरी उघडली. पहिलं प्रदर्शन सावित्रीबाईंचं. आणून ठेवलेला कॅनव्हास सावित्रीबाईंनी बोटाने दाबून पाहिला.

"हे हालतंय. भिंतच द्या. देवीचा चौक मात्र नाय काढणार, ती पूजेची चौकट लग्नघरातच."

मदतीला रोशनी आली. ती आता पेठच्या शाळेत शिकवत होती. चार दिवसांत भिंत भरली. महिनाभर लोक येत राहिले. एका डॉक्टरांनी किंमत विचारली. पण भिंत विकणार कशी?

मग पुढच्या चित्रकाराची तारीख जवळ आली. रंगारी दारात उभा, आणि भिंत पुसून घ्यायला बाईंचं मन काही होईना. त्याला परत पाठवून त्यांनी सुरगाण्याला फोन लावला.

"अवं बाई, लगीन झालं का भिंत पुसायचीच," सावित्रीबाई हसल्या. "मी येते. मीच पुसते."

दुसऱ्या दिवशी आल्या, पदर खोचला, ब्रश चुन्यात बुडवला. अर्धी भिंत पांढरी झाली तेव्हा कुठे बाईंनी दुसरा ब्रश उचलला. लेकीसुनांच्या गोष्टी करत दोघींनी दुपारपर्यंत हात फिरवला.

बाई त्यांना स्टँडवर सोडायला गेल्या. "पुढच्या वर्षी याल ना?"

"भात कापून झाला का येते," खिडकीतून सावित्रीबाई म्हणाल्या, आणि बस निघाली.