आंबिलाचं मडकं आणि दुगाणे साहेब

आधीच सांगते, मी फिजिक्स शिकवते. भालकीच्या एका कॉलेजात, पंधरा वर्षं झाली. भूतखेत, अंगात येणं असलं कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. तरी हे लिहितेय, कारण आता पोटात राहत नाही.

माझं माहेर खटकचिंचोळी. आईला दोन-तीन वर्षांपासून विसर पडायला लागलाय... नावं, वार, जेवली की नाही, सगळंच. फक्त टीव्हीवरची एक पोलिसांची मालिका आणि त्यातला इन्स्पेक्टर दुगाणे पक्का तिच्या लक्षात असतो. मला हा माणूस बघवत नसे. पितो, बायको सोडून गेलीय, आणि प्रत्येक केसमध्ये आधी घरच्याच कुणाची तरी गचांडी धरतो. चूक कळली तरी कबूल करत नाही. आईला मात्र तो खराच वाटतो. त्याच्यासमोर चहाचा कप ठेवून म्हणते, "लेकरा, कामून पितोस रे? च्या घे."

गेल्या वेळ अमावस्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, मी सुट्टी काढून गेले. त्या दिवशी आमच्याकडं अख्खं गाव शेतात असतं — कडब्याची कोप म्हणजे खोपी करायची, पूजा करायची, तिथंच मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल जेवायची. धाकटा भाऊ पुढं गेलेला. मी आणि त्याची बायको सुमन आईला घेऊन मागून जाणार होतो. मी अकराला पोचले तर सुमन दारात रडत उभी. ती डबे भरेपर्यंत आई घरातून निघून गेली होती.

गल्ली ओस पडलेली. विचारायला कुणी नाही, आणि गावाबाहेर उघड्या विहिरी... मी सुमनवर तुटून पडले. "एक म्हातारं माणूस सांभाळता येईना तुला? नकोच झालीय ना ती?"

"अक्का, तसं न्हाई वो," एवढंच ती म्हणत होती.

तेवढ्यात बैठकीतून आवाज आला. घोगरा, ओळखीचा, थेट दुगाणेचा. "भांडत बसू नका, बाई. मीही नेहमी हीच चूक करतो. आधी बघा, आईनं सोबत काय नेलंय."

सुमन दचकून म्हणाली, "टीव्ही कुणी लावला?"

टीव्ही बंद होता. लाईट सकाळपासून नव्हती. काळ्या पडद्यात आम्ही दोघीच दिसत होतो.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू. पण पाय आपोआप स्वयंपाकघराकडं गेले. आंबिलाचं छोटं मडकं जागेवर नव्हतं. म्हणजे आई शेतात गेली असणार... भावाला फोन लावला, तर तिथं नाही. मग सुमनच हळूच म्हणाली, "जुन्या शेताकडं गेल्या असतील का?"

जुनं शेत वाटणीत काकांकडं गेलेलं. तेव्हा असं भांडण झालं होतं की बारा वर्षं आम्ही त्या बांधावर पाय ठेवला नव्हता. पण आई लग्न होऊन आल्यापासून वेळ अमावस्या तिथंच करायची.

आम्ही पळतच गेलो. कोपीसमोर घोंगडीवर आई बसली होती आणि काकू तिला घास भरवत होती. या दिवशी शेतात आलेल्याला आमच्याकडं कुणी उपाशी पाठवत नाही, मग बोलणं असो-नसो. आईनं आणलेली आंबिल काकांनी रीतीप्रमाणं पिकात शिंपडलीही होती.

काकू मला म्हणाली, "उभी कामून? बस, जेव." बारा वर्षांनी हे ऐकलं आणि मला रडूच फुटलं. जेवायच्या आधी सगळ्यांसमोर मी सुमनची माफी मागितली.

आई आपली निवांत. म्हणाली, "आलाव व्हय? तुझ्या काकूला तेच सांगायले. साहेब म्हणलाय, दोघींला धाडतो. लेक जरा तापट हाय म्हणला."

घरी आल्यावर मी टीव्ही बघितला. प्लगसुद्धा काढलेला होता. सुमननं ऐकलं नसतं तर मी माझ्याच कानांना दोष देऊन मोकळी झाले असते... पण ऐकलं दोघींनी, आणि माझ्या फिजिक्सकडं त्याचं उत्तर नाही.

यंदा दोन्ही घरांची कोप एकच असणार आहे. दुगाणे अजून पितोच, अजून भलत्याचीच गचांडी धरतो. मी मात्र त्याला नावं ठेवायचं सोडलंय. माहेरी गेले की त्याच्या चहाचा कप आता मी ठेवते.