बेटावरचा टाक

ती घटना आठवली की आजही माझा हात नकळत कमरेच्या पट्ट्याकडे जातो. पट्टा कधीच उतरला, पण त्या दुपारची धास्ती काही उतरली नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षे झाली असतील. यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. हाताखाली एक हेड कॉन्स्टेबल, मोजके शिपाई, आणि हद्द अशी लांबलचक की आम्ही सायकली हाणत पोहोचेपर्यंत चोर जेवून झोपलेला असायचा. ठाण्यासमोर नदी दुभंगते आणि मध्ये मोठे बेट आहे. पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य नेणारे लमाणांचे तांडे नदी ओलांडताना त्या बेटावर मुक्काम करीत. त्यांच्या चुलींचे दगड, फुटकी मडकी, शेंदूर फासलेले धोंडे अजून तिथे होते. सरकारने त्याच जागी पाणीपुरवठ्याचे पंपघर, एक बंगला आणि बेटापर्यंत रस्ता बांधायला घेतला. बुलडोझर आला तेव्हा आसपासच्या गावांतून लोक भाकरी बांधून तो पाहायला आले. माती उकरू लागली तशा अफवाही निघू लागल्या. आज म्हणे हंडा सापडला, उद्या मोहरा. मी तिकडे कानाडोळा करीत असे.

एके दिवशी दुपारी कामावरचा मुकादम धापा टाकत ठाण्यात आला. "साहेब, गुप्तधन निंगालं! एक मजूर करंजाच्या झाडाखाली उकरून राह्यलता. पयत होता, पाण्यात धरला त्याले."

सापडलेले धन सरकारजमा करावे लागते, त्यामुळे मला जाणे भागच होते. पण स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघेपर्यंत लोकच त्या मजुराला धरून ठाण्याच्या आवारात घेऊन आले. तिशीचा, हडकुळा माणूस. कपडे छातीपर्यंत भिजलेले, ओठ फुटलेला. त्याच्या मुठीतून सोडवलेली चीज मुकादमाने माझ्या टेबलावर ठेवली. चांदीचा टाक होता. देव्हाऱ्यात ठेवतात तसला, हाताच्या दोन बोटांएवढा पातळ पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस ठोकून काढलेला.

आता खरी पंचाईत सुरू झाली. नदीकाठच्या गावातल्या खंडोबाच्या देवळात मागच्या दिवाळीत चोरी झाली होती. देवाचा मुखवटा आणि लोकांनी वाहिलेले टाक गेले होते, आणि आमच्या तपासाला काडीचेही यश आले नव्हते. हा मजूर राहत होता नदीपलीकडच्या वस्तीत. त्या वस्तीने काही वर्षांपूर्वी बौद्ध धम्म स्वीकारला होता आणि घरोघरचे देव काढून नदीत सोडले होते. गावातल्या काही जणांच्या पोटात ते तेव्हापासून दुखत होते. त्यांना निमित्तच हवे होते, ते आयते मिळाले.

गावातले दोन पंच बसवून गुरवाला ओळख पटवायला बोलावले. त्याने टाक हातात घेतला, उलटसुलट केला, खिडकीबाहेरच्या गर्दीकडे पाहिले आणि म्हणाला, "आमचाच दिसते साहेब. घोडा हाये ना. खंडोबाच व्हय." साक्षीदार वस्तूकडे पाहण्याआधी माणसांकडे पाहतो तेव्हा त्याची ओळख कच्ची असते, हे मला नोकरीने शिकवले होते. पण बाहेरच्या लोकांना एवढे पुरे होते. "बाकीचा माल वस्तीत हाये! उद्या बाजार हाये, चार गावचे लोक येतीन, मंग पाहू!" असे एक जण ओरडला. आवारात काठ्या दिसू लागल्या. जिल्ह्याहून कुमक यायला उद्याची संध्याकाळ झाली असती. वस्तीत बायका-लेकरे होती.

मजुराला आतल्या खोलीत घेतले. हेड कॉन्स्टेबल दंडुका घेऊन उभा होता, त्याला मी बाहेर काढले.

"हे कुठून आणलंस?"

"बेटावरून."

"तिथे कोणी पुरलं?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवले.

"देवळात चोरी केलीस?"

"नाही केली साहेब. मी चोर नाही."

"मग बोल ना! उद्या तुझ्या वस्तीवर काय येईल, कळतं का तुला?"

त्याने पाठ माझ्यापुढे वाकवली. "मारा लागन तर मारा. पण हे नोका इचारू." चोर माणूस खोटे का होईना, काहीतरी सांगतो. हा नुसता दातावर दात दाबून बसला होता. मी चिडलो, टेबलावर हात आपटला, त्याने काही झाले नाही.

मी टाक घेऊन खिडकीशी गेलो. आमच्या घरी खंडोबा आहे, लहानपणी त्या टाकांना चिंच लावून घासायचे काम माझ्याकडे असे. खंडोबाच्या मांडीशी म्हाळसा असते, घोड्याच्या पायाशी कुत्रा असतो. या टाकावर दोन्ही नव्हते. घोड्यावर माणूस एकटाच होता. आमच्या देव्हाऱ्यात असाही एक टाक होता, माझ्या चुलत आजोबांचा. घरातला तरणा माणूस अवेळी गेला की त्याचा असा टाक करून देवांशेजारी बसवतात. मला एकदम लख्ख दिसले.

मी वळून हळूच विचारले, "तुझ्या घरातलं कोण गेलं रे?"

त्याचा चेहरा पडला. "माहा मोठा भाऊ," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडू लागला. "त्याचा टाक मायनं लपवला होता तिथं. मशीन करंजापाशी आलं म्हून काढाले गेलतो. साहेब, तुमच्या पाया पडतो, वस्तीत नोका सांगू. माय जीव देईन."

आता गोष्ट उलगडली, पण घोर वाढला. हे उघड केले तर म्हातारीची तिच्या माणसांत मान खाली जाणार. न करावे तर मुलगा चोर ठरणार आणि वस्ती जळणार.

तेवढ्यात म्हातारी स्वतःच आली. सोबत वस्तीचे कारभारी होते. देव नदीत सोडायचा निर्णय त्यांच्याच पुढाकाराने झाला होता. मी तिला आत बसवून म्हटले, "आजी, दार लावतो. पंचांपुढे इथेच सांगा, बाहेर बोभाटा होऊ देणार नाही."

ती उठून उभी राहिली. "बाहीर माह्या पोराले चोर म्हणून राह्यले, अन् मी आत बोलू काय?"

मी अडवण्याआधी ती ओसरीवर गेली. माझ्या दोन्ही बाजूंच्या शिपायांनी लाठ्या घट्ट धरल्या.

"तो टाक माहा हाये," ती म्हणाली. "सारे देव मी माह्या हातानं नदीत सोडले. रडली नाही. पण हा देव नाही, माहा मोठा लेक हाये. याच नदीत बुडून मेला तो. त्याले पुन्यांदा पाण्यात कशी लोटू? म्हून बेटावर माती देल्ली."

मग ती गर्दीकडे पाठ करून कारभाऱ्यांकडे वळली. तिला भीती फक्त त्यांचीच होती. कारभाऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"वयनी, देव सोडा म्हटलं होतं आपण," ते म्हणाले. "लेक सोडा, असं कोण म्हटलं होतं तुले?"

गुरवाने पुढे येऊन टाक पुन्हा पाहिला आणि पुटपुटला, "म्हाळसा नाही. आमचा नोहे हा." पंचांसमोर त्याचा जबाब पुन्हा घेतला. लोक एकेक करून पांगले. काही जण जातानाही कुरकुरत होते, आणि मुखवटा तर माझी बदली होईपर्यंत सापडला नाही.

रीतसर कागद करून टाक म्हातारीला परत दिला. मुलगा मात्र टेबलापाशीच उभा राहिला. "साहेब, माह्या नावापुढं काय लिहलं?"

मी वाचून दाखवले, "आरोप शाबीत होण्याजोगा पुरावा मिळून आला नाही." आमची नेहमीची भाषा होती ती, आणि मला तिच्यात कधी काही खटकले नव्हते.

"म्हंजे चोर हाये, पन सापडला नाही?" तो म्हणाला. "मी चोर नाही, असं लिवा ना."

मी ती ओळ खोडली आणि त्याने सांगितले तसेच लिहिले. वरिष्ठांनी पुढे त्याबद्दल खुलासाही मागितला, तो मी दिला. तपास संपला की आमचे काम संपते, असे मी तोवर समजत होतो. पण सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांतून चालावे लागते, हे मला त्या माणसाने शिकवले.

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. मी पूर्ण गणवेशात नदी ओलांडून वस्तीत गेलो आणि त्याला बोलावले. पोलीस माणसाला बाजारातून नेतो तेव्हा त्याला पुढे चालवतो आणि आपण मागे राहतो. त्या दिवशी आम्ही दोघे बरोबरीने चाललो. त्याने मिरच्या घेतल्या, मीठ घेतले, आणि दुकानदाराने त्याला रामराम केला तेव्हा कुठे माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.